तिसऱ्यांदा विचारल्यावर

सकाळपासून मुक्ताबाई दोनदा मेल्या होत्या आणि आता तिसऱ्यांदा मरायच्या बेतात होत्या.

"आजी, कसं वाटतंय आता?" ऋतुजाने विचारलं. डोळ्यांवर तो अवजड काळा चष्मा, दोन्ही हातांत बटणांच्या मुठी, आणि समोर हवेत कुणीतरी झोपलंय असं समजून ती अदबीने वाकली होती. तिला चष्म्यात जे दिसत होतं तेच भिंतीवरच्या पडद्यावर बाकीच्या पोरींना दिसत होतं. वॉर्डातली खाट, खाटेवर हिरव्या लुगड्यातली साठी उलटलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"बरं हाय गं बाई मला," पडद्यावरच्या मुक्ताबाई म्हणाल्या. "जरा पित्त झालंय. तू जेवलीस का?"

"व्हय, जेवले की," असं म्हणून ऋतुजा समाधानाने पुढच्या खाटेकडे वळली.

मागे उभ्या असलेल्या शगुफ्ता मॅडमनी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने मुक्ताबाईंची मान कलली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. रुग्ण दगावला. पुन्हा सुरू करा.

पोरी फिदीफिदी हसल्या. ऋतुजाने चष्मा काढला तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. माढ्याकडची पोर, वर्गात हुशार, पण मोठ्या माणसासमोर मान वर करायची नाही हे अंगात मुरलेलं.

"मॅडम, आजी सोताच बरं हाय म्हनल्या की. मग परत परत कसं इचारायचं? त्यांना खोटं पाडल्यागत हुतंय."

"तुझ्या घरी पाहुणा आला आणि चहा नको म्हणाला, तर काय करतेस?"

"परत इचारते."

"परत नको म्हणाला तर?"

"तरी इचारायचं की. एकदा इचारून गप बसलं तर आई मारंल मला!"

"मग चहाला तीनदा विचारतेस आणि दुखण्याला एकदाच? बाई बरं आहे म्हणते ते आपल्याला त्रास नको म्हणून. तीनदा विचारायचं. नर्सने पहिल्या 'बरं हाय'वर कधी विश्वास ठेवायचा नाही."

हे वाक्य शगुफ्ताने आजवर किती पोरींना ऐकवलं असेल, त्याला गणती नव्हती. सोलापुरातल्या या नर्सिंग कॉलेजात ती बरीच वर्षं शिकवत होती, आणि त्याआधीची उमेदीची वर्षं वॉर्डात गेली होती. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. घरी ती आणि तिची अम्मी, इमामबी. दोघींचं छान चाललं होतं.

कॉलेजने ही यंत्रं आणली तेव्हा त्यांच्याबरोबर पेशंटही तयार आला होता. एक गोरीपान म्हातारी, जी नीटनेटक्या इंग्रजीत आपलं दुखणं पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी व्हायची. कल्पना चांगलीच होती. खऱ्या वॉर्डात शिकाऊ पोरीच्या हातून चूक झाली तर माणूस जातो, इथे नुसतं चित्र जातं आणि मार्क जातात. पोरगी पुन्हा बटण दाबते, पुन्हा विचार करते, कधी थांबायचं, कधी डॉक्टरांना हाक मारायची, हे हळूहळू तिच्या अंगवळणी पडतं. पण माढ्याच्या, माळशिरसच्या पोरी त्या गोऱ्या म्हातारीपुढे मुकाट उभ्या राहायच्या. असली बाई त्यांना जन्मात भेटणार नव्हती. म्हणून शगुफ्ताने ठरवलं की पेशंट आपल्याकडचा हवा, आणि आवाजासाठी ती आपल्या अम्मीला घेऊन आली.

इमामबीचा जन्म माढा तालुक्यातल्या खेड्यातला, त्यामुळे मराठी अस्सल तिकडची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवता शिवता म्हातारी झाली. घरात बोली दख्खनी, कारखान्यात मराठी, आणि शेजारच्या मशीनवरच्या बायकांमुळे तेलुगूतल्या चार शिव्याही पाठ होत्या. पेशंटला मुक्ताबाई हे नाव तिनेच दिलं. ती तिची लहानपणची मैत्रीण. कॉम्प्युटरवाल्या अभिमन्यूने चित्र दाखवलं तेव्हा कितीतरी वेळ ती त्या चित्राकडे टक लावून बघत राहिली.

"कुंकू लावलंस व्हय रं मला? शोभतंय की!"

रेकॉर्डिंग मात्र पहिल्याच ओळीला अडलं. शगुफ्ताने लिहिलं होतं, 'माझ्या जबड्यात आणि पाठीत सकाळपासून वेदना होत आहेत.' इमामबीने ते वाचलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"ही कुठली बाई म्हनायची? आल्या आल्या दुखनं सांगत सुटती! लाज न्हाय व्हय हिला?"

"मग काय म्हणेल ती?" अभिमन्यूने विचारलं.

"बरं हाय म्हनंल. समोरची पोर सकाळधरनं हुबी हाय, तिला जेवलीस का म्हनंल. परत इचारलं तर परत बरं हाय. तिसऱ्यांदा इचारलं की मग कळतं बाबा, हिला खरंच ऐकायचं हाय. मग पाय बाजूला घील, बस म्हनंल, आन् मग सांगंल."

"अम्मी, तू बी ऐसाच करती क्या?" शगुफ्ताने हसत विचारलं.

"मैं काहेको? मेरेकू क्या हुया है?" इमामबी म्हणाली.

केस तशीच बनली. तिसऱ्यांदा विचारलं की मुक्ताबाई पाय बाजूला घेत आणि दुखणं सांगत. मग पोरीने पटापट नाडी बघायची, हृदयाचा आलेख काढायचा, डॉक्टरांना बोलवायचं. हे सगळं जमलं तरच मुक्ताबाई वाचत. सगळ्यात शेवटी एक गंमत राहून गेली होती. वाक्यं संपली तरी अभिमन्यूने माइक बंद केला नव्हता आणि इमामबीने लेकीकडे वळून विचारलं होतं, "हुया क्या बेटी? जाऊं क्या मैं अब?" ते तसंच केसमध्ये राहिलं. कुंकू लावलेल्या मुक्ताबाई बऱ्या झाल्या झाल्या अचानक दख्खनीत बोलायच्या आणि पोरी हसून लोटपोट व्हायच्या. जी पेशंटला वाचवेल तिलाच ते ऐकायला मिळायचं. पोरींच्या लेखी तेच बक्षीस होतं, म्हणून शगुफ्तानेही ते काढू दिलं नाही.

तेव्हापासून मायलेकींचा एक खेळ झाला होता. शगुफ्ता संध्याकाळी घरी आली की इमामबी भाकरी थापता थापता विचारायची, "क्या गे, आज मरी क्या जी मैं?" आणि शगुफ्ता हिशोब द्यायची. कुणी कशी चूक केली, कुणी वेळेवर डॉक्टरांना बोलावलं. फार जणींनी मारलं तर इमामबीला वाईट वाटायचं, स्वतःसाठी नाही, त्या पोरींसाठी. "नासमझ है बिचाऱ्या," ती म्हणायची. "सिकेंगे."

त्या दिवशी ऋतुजानंतर माळशिरसची मुलगी चष्मा चढवून उभी राहिली आणि तेवढ्यात शगुफ्ताच्या पर्समधला फोन वाजला. अम्मीचा होता. इमामबी दुपारी कधी फोन करत नसे. लेक शिकवत असते, तिला मध्येच उठवायचं नाही, असा तिचा दंडक होता. शगुफ्ता लगबगीने बाहेर व्हरांड्यात आली.

"क्या हुया अम्मी?"

"कुछ नई गे. अच्छी हूं मैं." इमामबीचा आवाज जरा दमल्यासारखा होता. "जरा पित्त हुया है. तू खाई क्या?"

"हौ, खाई," शगुफ्ता खोटंच म्हणाली. डबा पर्सच्या शेजारी तसाच होता.

आतून स्पीकरमधून मोठ्याने ऐकू येत होतं, बरं हाय गं बाई मला. इमामबीने ते फोनवर ऐकलं आणि तिला हसू आलं.

"मैंच बोल रही क्या वहां? आज मरी क्या जी?"

"आज तो सबेरे से मरतीच है तू." आतून एका पोरीने हाक मारली, मॅडम, पुढं काय करू? "अम्मी, रखती मैं. शाम को आती."

"हौ, जा जा. खाना खा ले."

फोन ठेवून शगुफ्ता आत गेली आणि त्या पोरीला तिने सांगितलं, पुन्हा विचार, एकदा विचारून पेशंटला सोडायचं नाही. मराठीतलं 'बरं हाय' तिने हजार वेळा पकडलं होतं. दख्खनीतलं 'अच्छी हूं' तिच्या कानावरून तसंच गेलं.

नई जिंदगी वस्तीतल्या घरी ती पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आत दिवा नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. इमामबी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर टॉवेल. कारखान्यातून आणलेल्या टॉवेलांचे सुटे धागे कापायचं काम ती हौसेने करायची, हात रिकामे राहिले की तिला करमत नसे. कापलेल्यांची चळत एका बाजूला नीट रचलेली होती. छोटी कात्री बोटातच अडकलेली होती. डोळा लागला असावा असं वाटलं. शगुफ्ताने दिवा लावला आणि तिचं लक्ष तांब्याकडे गेलं. त्याच्याशेजारी पित्ताच्या पुडीचा फाडलेला कागद होता, पेल्याच्या तळाला पांढरा थर वाळला होता. ओट्यावर शगुफ्ताचं ताट झाकून ठेवलेलं.

तिने अम्मीच्या गालाला हात लावला आणि त्या हाताला सगळं कळलं. इतकी वर्षं त्या हाताने हेच काम केलं होतं, तो चुकणार नव्हता. तरीही तिने अम्मीला जमिनीवर आडवं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. काही उपयोग नाही हे तिला माहीत होतं, पोरींना तिनेच शिकवलं होतं की कधी थांबायचं. पण ती थांबली नाही. शेजारची माहेनूर आवाज ऐकून धावत आली आणि तिने शगुफ्ताचे हात धरून ओढून बाजूला केले तेव्हा ते थांबलं.

अम्मीला शेवटची अंघोळ शगुफ्तानेच घातली, माहेनूरने पाणी दिलं. आलेल्या बायका एकसारखं म्हणत होत्या, "कितनी अच्छी मौत आई, कुछ तकलीफ नई हुई." सांत्वनाला आलेलं माणूस दुसरं काय बोलणार? पण शगुफ्ता नर्स होती. जबडा कसा ठणकतो, पाठीत कळ कशी जाते, घामाने पोलकं कसं भिजतं, हे सगळं तिने आपल्या हाताने लिहिलं होतं. एकच गोष्ट तिचं काळीज कुरतडत होती. अम्मीने सुरुवात केली होती. कधी नाही तो दुपारी फोन केला होता. पहिल्या वेळेचं उत्तर देऊन ती दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती, आणि लेकीने फोन ठेवून दिला होता.

ती कॉलेजात परत आली ती अम्मीचा चाळिसावा दिवस झाल्यावर. प्राचार्य सोमशेखर सरांनी तिला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. माणूस भला होता, पण अशा वेळी काय बोलावं ते त्याला कळत नसे.

"मॅडम, प्रॅक्टिकल जवळ आलंय, ती केस तर घ्यावीच लागणार," ते शेवटी म्हणाले. "पण आवाज बदलू या की. तुम्हाला रोज ते ऐकायला लावायचं, हे काही बरं नाही. आमच्या मिसेस बोलतील. कानडी हेल येतोय जरा, पण चालेल."

"अभिमन्यूला विचारायला लागेल," शगुफ्ता म्हणाली.

"विचारलंय मी. एक बटण दाबलं की जुना आवाज पुसतो म्हणे तो. तुम्ही हो म्हणायचाच अवकाश आहे."

ते हो तिच्या ओठांवर आलं होतं. तो आवाज पुन्हा ऐकायची तिची छाती नव्हती. घरी फोनमध्ये अम्मीचे चार फोटो होते, तेही तिने उघडले नव्हते. आणि पुसून टाकला, तर अम्मी आपल्या हाताने दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, हेही तिला दिसत होतं. "आज एकदा होऊ दे, सर," ती म्हणाली. "मग सांगते."

वर्गात सगळ्या पोरी आधीच येऊन बसल्या होत्या. आवाज कुणाचा आहे ते पोरींना आधीपासून ठाऊक होतं, आणि काय झालं तेही. अभिमन्यू कॉम्प्युटरपाशी मान खाली घालून बसला होता. शगुफ्ता नेहमीसारखी पोरींच्या मागे उभी राहिली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, शेजारच्या स्टुलावर पर्स ठेवली आणि म्हणाली, "ऋतुजा, तू ये."

"मला नगं मॅडम." ऋतुजा जागची हलली नाही. "त्या दिशी मीच आजींला मारलं. माझ्या हातनं परत तसं झालं तर?"

"म्हणूनच तू ये."

ऋतुजाने चष्मा चढवला. पडद्यावर खाट आली, हिरवं लुगडं आलं.

"आजी, कसं वाटतंय आता?"

"बरं हाय गं बाई मला. जरा पित्त झालंय. तू जेवलीस का?"

शगुफ्ताने खुर्चीचा हात घट्ट धरला. ऋतुजा पुढच्या खाटेकडे वळली नाही.

"माझं जेवन राहू दे, आजी. तुमी सांगा, कसं वाटतंय?"

"काय न्हाय गं, बरं हाय. तुला कामं असतील, जा की तू."

"मला काय काम न्हाय," ऋतुजा म्हणाली. यंत्राला फक्त बटण दाबलेलं कळत होतं, बोललेलं कळत नव्हतं, तरी ती बोलत होती. "मी हितंच हाय. सांगा आजी, काय हुतंय?"

मुक्ताबाईंनी पाय बाजूला घेतले.

"बस हितं," इमामबीचा आवाज म्हणाला. "इतकं इचारतीस म्हनून सांगते. सकाळधरनं जबडा ठनकतोय बघ. पाठीत कळ हाय. घाम फुटलाय लई. जीव घाबरा झालाय माझा, कुनाला सांगू?"

ही ओळ शगुफ्तानेच लिहिली होती आणि असंख्य वेळा ऐकली होती. आज ती तिला पहिल्यांदा ऐकू आली. त्या दुपारी व्हरांड्यात आणखी दोनदा विचारलं असतं, तर अम्मी हेच म्हणाली असती, जवळपास याच शब्दांत. लेकीला जे सांगायचं राहून गेलं ते अम्मी या माढ्याच्या पोरीला सांगत होती. शगुफ्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

ऋतुजाचे हात भराभर चालत होते. नाडी, आलेख, डॉक्टर, ऑक्सिजन. कुठे चुकली नाही. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ नियमित चालीला लागली, हिरवी अक्षरं आली. रुग्णाची प्रकृती स्थिर.

आणि मग, नेहमीसारखं, "हुया क्या बेटी? जाऊं क्या मैं अब?"

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक पोर हुंदके देऊ लागली. अभिमन्यूने वळून हळूच विचारलं, "मॅडम, मग... काढून टाकू का आवाज?"

"नको," शगुफ्ता म्हणाली. "राहू दे. पोरी शिकतील."

मधली सुट्टी झाली. पोरी एरवी दंगा करत बाहेर पडायच्या, आज एकेक करून चपला हातात घेतल्यासारख्या गुपचूप गेल्या. अभिमन्यूही गेला. ऋतुजा मात्र दारापर्यंत जाऊन परत आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली.

"मॅडम, तुमी बऱ्या हाय ना?"

"बरी आहे गं. छान केलीस केस. जा, जेवून घे."

ऋतुजा गेली नाही.

"मॅडम, बरं हाय का तुमाला?"

"सांगितलं ना, बरी आहे. मैत्रिणी थांबल्या असतील तुझ्या."

"थांबू दे त्यांना." मोठ्या माणसाला इतकं विचारायचं तिला आतून जड जात होतं, हे दिसत होतं. तरी तिने विचारलं. "मॅडम, काय हुतंय तुमाला?"

शगुफ्ताने तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून स्टुलावरची पर्स उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"बस हितं," ती म्हणाली.